कोल्हापूर–नागरकोविल–कोल्हापूर : वाऱ्याच्या दिवसांतली नऊ दिवसांची खेप

मेचा शेवटचा आठवडा कोल्हापूरच्या गाड्यांना दोन वाऱ्यांतून जायला लावतो. घराजवळ वळीव असतो आणि दक्षिणेच्या टोकाला पावसाळी वारं आधीच सुरू झालेलं असतं. ही खेप त्याच आठवड्यातली. गाडी बत्तीस फुटी, बंद बॉडीची, सहा चाकी. शिरोलीतून तमिळनाडूतल्या होसूरला कास्टिंग (ओतीव भाग), होसूरहून नागरकोविलपर्यंत रिकामी आणि तिथून कोल्हापूरला काथ्याच्या गाठी. गाडी एकच, पण वजनं तीन आणि वजनाची उंचीही तीन ठिकाणी. त्यामुळे वाऱ्यात चालवायचं की उभं राहायचं, याचे हिशोबही तीन झाले. खाली दिवसागणिक तेच लिहिलं आहे. रस्त्याचं बाकी वर्णन जेवढ्यास तेवढं.

पहिला दिवस : शिरोली एमआयडीसी

माल नऊ टन. लोखंडी जाळीच्या पेट्यांत भरलेली कास्टिंग, पेटीची उंची जेमतेम अडीच फूट. वाऱ्याच्या दृष्टीने याहून चांगला माल मिळणं अवघड. सगळं वजन फळीलगत, म्हणजे डब्याच्या तळाशी राहतं आणि वरचा सहा-साडेसहा फूट डबा मोकळा असतो. पेट्या मागच्या धुऱ्याच्या थोड्या पुढे घेऊन, दोन्ही बाजूंना सारखं वजन ठेवून रॅचेटच्या पट्ट्यांनी आवळल्या. एका बाजूला दोन पेट्या जास्त गेल्या तर गाडी उभी असतानाच एका अंगाला कलते, आणि त्याच अंगाला रेटणारं वारं मिळालं की पाट्यांना (चाकांवरच्या स्प्रिंगांना) सावरायला जागा उरत नाही.

निघण्याआधी चार गोष्टी पाहायच्या. पहिली, स्टेअरिंगचा ढिलेपणा. इंजिन चालू ठेवून, चाकं सरळ करून स्टेअरिंग हळूहळू हलवायचं. कडेवर दोन इंचांपेक्षा जास्त मोकळं फिरत असेल, तर वाऱ्यात सावरताना प्रत्येक वेळी हात उशिरा पोचणार. दुसरी, मागचे पाटे आणि यू-बोल्ट. एक पाटा तुटलेला असला तरी सपाट रस्त्यावर कळत नाही, आडव्या वाऱ्यात गाडी बोटीसारखी डोलायला लागते तेव्हा कळतं. तिसरी, डाव्या-उजव्या टायरांतली हवा. थंड असताना, मीटरने, जोडचाकांतलं आतलं टायरही. आतल्या टायरला कोणी हात लावत नाही आणि कमी हवा नेमकी तिथेच सापडते. चौथी, मागच्या दारांचे खटके आणि उघडं पान अडकवायचे आकडे.

आता डब्याचा हिशोब. बत्तीस फूट लांब, नऊ फूट उंच बाजू, त्यात केबिन आणि खालचा भाग धरला तर आडव्या वाऱ्याला साधारण ३० चौरस मीटरची भिंत मिळते. ताशी ४० किलोमीटरचं वारं या भिंतीवर ढोबळ २७० किलोचा रेटा देतं, ६० चं वारं ६१० किलोचा आणि ८० चं जवळपास ११०० किलोचा. वारं दीडपट झालं की रेटा सव्वादोनपट होतो आणि दुप्पट झालं की चौपट. “मघाशी चाळीस होतं, आता पन्नास झालंय, एवढंच” असं म्हणण्यात हाच धोका आहे. दहाचा फरक वाटतो, पण रेटा निम्म्याहून जास्त वाढलेला असतो.

संध्याकाळी हवामान खात्याचा जिल्ह्याचा इशारा पाहिला. कोल्हापूर, बेळगाव, धारवाड पिवळ्यात, मेघगर्जनेसह ताशी ४० ते ५० किलोमीटर वेगाचं वारं. दोन गोष्टी इथे ध्यानात ठेवायच्या. हा वेग मोकळ्या जागी जमिनीपासून दहा मीटर उंचीवरचा असतो. भरावावरचा रस्ता आणि उड्डाणपूल याच उंचीला असतात, म्हणून तिथे तो आकडा पुरेपूर लागू धरायचा. दुसरं, मोबाइलवरच्या अंदाजात सरासरी वेग आणि झोताचा वेग वेगळे दाखवतात. गाडी हलते ती झोताने. सरासरी ३० असताना झोत ४५ चा येणं अगदी नेहमीचं. म्हणून या लेखात पुढे जिथे मर्यादेचा आकडा येईल तिथे तो झोताचा समजावा.

शेवटचं काम कागदाचं. थांबायच्या जागा ओळीने लिहून डॅशबोर्डवर चिकटवल्या. कागल, निपाणी, संकेश्वर, यमकनमर्डी, बेळगाव, हिरेबागेवाडी, कित्तूर, धारवाड, असं पुढे नागरकोविलपर्यंत. प्रत्येक ठिकाणी पंप किंवा मोठा तळ आहे का, गाडी खाली उतरते का, आजूबाजूला मोठी झाडं किंवा होर्डिंग आहेत का, हेही. वाऱ्यात थांबायचा निर्णय जिथे वारं लागतं तिथे घेता येत नाही, कारण तिथे नेमकी जागा नसते. तो अलीकडच्या जागेवर, गाडी नीट चालत असतानाच घ्यावा लागतो. या कागदाशिवाय बाकीचा सगळा हिशोब वाया जातो.

दुसरा दिवस : शिरोली ते चित्रदुर्ग

पहाटे चारला गाडी हलवली. पहाटेचं कारण गर्दी नव्हे. ऊन तापलं की जमिनीलगतची हवा वर चढते आणि वरच्या थरातलं जोराचं वारं खाली उतरतं. म्हणून सकाळी दहा-अकरानंतर वारं वाढत जातं आणि दुपारी तीन-चारला सगळ्यात जास्त असतं. ज्याला वाऱ्याचा पट्टा ओलांडायचा आहे त्याने तो दहाच्या आत ओलांडावा.

शिरोलीचा पंचगंगा पूल हा खेपेतला पहिला तपासनीस. दोन्हीकडे नदीचं मोकळं पात्र, आडोसा नाही. इथे स्टेअरिंगवर जे जाणवतं ते लक्षात ठेवलं की पुढच्या पुलांशी ताडून पाहता येतं. नऊ टन खाली होतं आणि पहाटेचं वारं मंद, त्यामुळे काहीच जाणवलं नाही. उजळाईवाडी, गोकुळ शिरगाव, कागल, दूधगंगा ओलांडून कोगनोळीचा टोलनाका, निपाणी, आणि मग तवंदी घाट.

तवंदीत शिकण्यासारखी एक गोष्ट आहे. रस्ता डोंगर फोडून काढलेला, दोन्ही बाजूंना कडे. आत वारं लागत नाही. कडा संपतो तिथे एका गाडीच्या लांबीत सगळं वारं अंगावर येतं. केबिन आधी बाहेर पडते म्हणून धक्का आधी पुढच्या चाकांना, मग डब्याला. म्हणून कडा संपायच्या पन्नास मीटर आधी वेग उतरवायचा, दोन्ही हात स्टेअरिंगवर घ्यायचे आणि त्या क्षणी गिअर बदलायचा नाही. वंटमुरी घाटात, उड्डाणपुलाचे कठडे संपतात तिथे आणि उसाच्या उंच फडाला लागून मोकळं रान येतं तिथेही हेच.

कोल्हापूर–बेळगाव रस्ता मोठ्या हिशोबाने दक्षिणोत्तर आहे आणि मोसमी वारं पश्चिमेचं. म्हणजे जाताना वारं उजवीकडून लागतं आणि गाडी डावीकडे, भरावाच्या कडेला रेटली जाते. येताना वारं डावीकडून, आणि गाडी ओव्हरटेक करणाऱ्यांच्या अंगावर, दुभाजकाकडे जाते. जाताना आणखी एक फसवणूक होते. वाऱ्याला तोंड द्यायला स्टेअरिंग किंचित उजवीकडे धरलेलं असतं. तेवढ्यात उजवीकडून स्लीपर बस पुढे जाते. ती वारं अडवते, रेटा एकदम नाहीसा होतो, पण हात उजवीकडेच असतात. गाडी बसकडे ओढल्यासारखी जाते. बस पुढे निघून गेली की तेच वारं पुन्हा आदळतं. आरशात मोठी गाडी दिसली की वेग पाच-दहाने कमी करायचा, डावीकडे थोडं सरकायचं आणि ती शेजारी येताक्षणी हात ढिले करायचे.

हावेरी, राणेबेन्नूर, हरिहर, दावणगेरे हा सगळा सपाट मुलूख. दुपारी वारं उठलं, विजेच्या तारा शिट्टी घालायला लागल्या. तारा वाजू लागल्या की वारं चाळिशीत गेलं, हा जुना आणि भरवशाचा अंदाज आहे. पायी चालताना पुढे झुकावं लागलं आणि अख्खी झाडं हलू लागली की पन्नास-साठ. हिरव्या डहाळ्या मोडून रस्त्यावर पडू लागल्या की साठ ओलांडलं. ही ओळख प्रत्येक किन्नरला, म्हणजे ड्रायव्हरच्या मदतनीसाला यायला हवी, कारण वारं मोजायचं मीटर गाडीत नसतं तेव्हा एवढंच हाताशी असतं. भरलेल्या गाडीला या वाऱ्याने काही केलं नाही. ६० चा वेग ५० वर आणला आणि संध्याकाळी चित्रदुर्ग गाठलं.

चित्रदुर्गाच्या डोंगरांवर पवनचक्क्यांच्या रांगा आहेत. त्यांच्याकडे बघून बरेच जण वाऱ्याचा जोर ठरवतात, ते चूक. पातं ताशी दहा-बारा किलोमीटरच्या वाऱ्यालाही फिरायला लागतं आणि बंद चक्की दुरुस्तीसाठीही बंद असू शकते. पवनचक्कीकडून घ्यायची ती दिशा. चक्कीचं तोंड जिकडे, वारं तिकडून येतंय. पुढचा रस्ता त्या दिशेला आडवा आहे की समोरासमोर, हे चार-पाच किलोमीटर आधीच कळतं.

तिसरा दिवस : चित्रदुर्ग ते होसूर

हिरियूर, शिरा, तुमकूर. बंगळुरात न शिरता नाईस रोडने होसूर रस्त्याला. वाऱ्याचं काही विशेष नाही. दुपारी माल उतरला.

चौथा दिवस : होसूर ते दिंडिगल, रिकामी

आजपासून गाडी वेगळी. बाहेरून तीच, पण वजन साडेसोळा टनांवरून साडेसातवर आलं आणि भिंत तेवढीच ३० चौरस मीटरची. सपाट जागी उभी असलेली अशी रिकामी गाडी आडव्या वाऱ्याने उलटायला कागदावर ताशी सव्वाशेच्या पुढचं वारं लागतं. हा आकडा ऐकून कोणी निर्धास्त होऊ नये. रस्त्याला उतार असतो, वळण असतं, पाट्यांवर डबा आधीच एका बाजूला झुकलेला असतो आणि वारं एकसारखं न लागता झोतांनी लागतं. सगळ्यात वाईट भर ड्रायव्हर स्वतः घालतो. वाऱ्याने गाडी डावीकडे गेली म्हणून घाबरून झटक्यात उजवीकडे स्टेअरिंग फिरवलं, की वळणाचा जोर डब्याला डावीकडेच फेकतो. वारंही डावीकडेच ढकलतंय. दोन्ही जोर एका बाजूला आले की कागदावरच्या आकड्याच्या कितीतरी आधी उजवी चाकं हलकी होतात. आणि उलटणं तर नंतरचं. त्याच्या खूप आधी गाडी आपली पट्टी सोडते, आणि शेजारच्या पट्टीत कोणीतरी असतंच.

म्हणून आमच्या मर्यादा अशा. बंद बॉडीची रिकामी गाडी झोत चाळिशीपर्यंत असतील तर ६० च्या आतल्या वेगाने. चाळीस ते पन्नास असतील तर ४० ते ४५ चा वेग, ओव्हरटेक नाही, आणि थांबायच्या जागा जवळजवळ असतील तरच. पन्नासच्या पुढे रिकामी गाडी उभी. काथ्यासारखा उंच, हलका माल असेल तर पंचावन्नला उभी. फळीलगत वजन असलेली भरलेली गाडी साठ-पासष्टपर्यंत हळूहळू जाऊ शकते. सत्तरच्या पुढे कोणीच नाही. रस्ता ओला असेल तर प्रत्येक आकड्यातून दहा वजा. रिकाम्या गाडीच्या मागच्या चाकांवर भार कमी असतो आणि पाण्यावर ती आडवी सरकते.

वेग कमी केल्याने वारं कमी होत नाही, मग उपयोग काय, असा प्रश्न नव्या पोरांना पडतो. ८० च्या वेगाला गाडी सेकंदाला २२ मीटर जाते, ४० ला ११. झोत लागल्यापासून हात हलेपर्यंत एक सेकंद गेला, तर तेवढ्या वेळात भटकायला निम्मंच अंतर मिळतं. सावरण्यासाठी स्टेअरिंग फिरवलं तरी वळणाचा जोर वेगाच्या वर्गाने कमी असतो. म्हणजे चौथाई.

मागची दारं उघडी ठेवली की वारं आरपार जातं, असं सांगणारे तळावर भेटतातच. आडवं वारं बाजूच्या पत्र्यावर लागतं. मागचं दार उघडं असलं तरी पत्रा तेवढाच राहतो. उलट दार सुटून आपटतं, बिजागऱ्या तुटतात. उघड्या हौद्याच्या गाडीवर रिकामी असताना ताडपत्री आणि कमानी काढून टाकल्या तर मात्र खरंच फरक पडतो. बंद बॉडीला उपाय एकच, खाली वजन. दोन-तीन टनांचा, फळीवर नीट बांधलेला कुठलाही माल कमी भाड्यात मिळाला तरी घ्यावा. या वेळी तसा मिळाला नाही.

तोप्पूर घाटात दक्षिणेला जाताना लांब उतार आहे. तिथे वाऱ्यापेक्षा ब्रेकची काळजी. घाट सुरू व्हायच्या आधीच खालचा गिअर घालायचा. सेलम, नामक्कल, करूर. नामक्कल म्हणजे लॉरीच्या बॉडी बांधणाऱ्यांचं गाव. रस्त्याकडेला अर्धवट सांगाडे उभे दिसतात आणि बाजूचा पत्रा किती मोठा असतो ते तिथे नीट नजरेत भरतं. पालघाटच्या खिंडीतून येणारं वारं धारापुरम, उदुमलपेट भागात जोरात असतं. तो पट्टा या रस्त्याच्या पश्चिमेला राहिला. दिंडिगलला मुक्काम.

पाचवा दिवस : दिंडिगल ते तिरुनेलवेली

मदुराई, विरुधुनगर, कोविलपट्टी. कोविलपट्टीच्या पुढे वारं लागू लागलं. कयत्तारला पवनचक्क्यांचं रान आहे. चक्क्यांची तोंडं पश्चिमेला, रस्ता दक्षिणेला. पुरता आडवा.

अकराच्या सुमाराला एका पंपावर उतरून हातातल्या छोट्या मीटरने वारं मोजलं. मोजायची रीत अशी. गाडीच्या आडोशापासून लांब, मोकळ्यात जायचं, मीटर डोक्याच्या वर हात ताणून वाऱ्याकडे धरायचं आणि पूर्ण दोन मिनिटं थांबायचं. सरासरी ३२ आणि सगळ्यात मोठा झोत ४७. डोक्याच्या उंचीला ४७, म्हणजे डब्याच्या माथ्याला आणि भरावावर पन्नासच्या वर धरायचं.

मीटर नसेल त्याच्यासाठी रस्ताच मोजपट्टी आहे. महामार्गाची एक पट्टी साडेतीन मीटरची, गाडी अडीच मीटरची. दोन्ही बाजूंना अर्धा-अर्धा मीटर उरतो. किन्नरने आरशातून मागच्या चाकाजवळची पांढरी रेघ पाहत राहायचं. हात स्थिर असताना झोताने चाक रेघेवर चढलं, आणि असं एका किलोमीटरमध्ये दोनदा झालं, तर तो अर्धा मीटर संपला. पुढच्या जागेला गाडी उभी. कयत्तार ते तिरुनेलवेली या टप्प्यात तसं दोनदा झालं.

वेग ४० वर होता आणि गाडी चालवता येत होती. तरी तिरुनेलवेलीच्या अलीकडे बाराला थांबवली, कारण प्रश्न पुढच्या रस्त्याचा होता. वल्लियूर, पणगुडी, कावलकिनारू हा पट्टा सह्याद्रीच्या अगदी शेवटच्या टोकाला, अरलवायमोळी खिंडीच्या तोंडाशी आहे. डोंगराने अडवलेलं पश्चिमेचं वारं या खिंडीत दाटून जोर धरतं, म्हणूनच मुप्पंदलला एवढ्या पवनचक्क्या आहेत. दुपारी तिथे रिकामी गाडी नेण्यात अर्थ नव्हता. आणि हे वारं वळवासारखं अर्ध्या तासात सरणारं नाही. दिवसभर वाहतं आणि पहाटेच ओसरतं. थांबायचं तर पहाटेपर्यंत.

मालकाला फोन करताना “वारं लई हाय” एवढ्यावर भागत नाही. तिकडे बसलेल्या माणसाला त्यातून काहीच कळत नाही आणि मग वाद होतो. जागा, गाडीची अवस्था, आकडा आणि पुढची वेळ या चार गोष्टी सांगायच्या. “दादा, तिरुनेलवेलीच्या अलीकडं पंपावर गाडी लावलीया. रिकामी हाय. झोत पन्नासच्या वर हाईत. पहाटे साडेतीनला वारं बघून हलतो, साताच्या आत नागरकोविल.” एवढं सांगितलं की माल भरणाऱ्यालाही वेळ कळवता येते.

गाडी लावली ती तोंड वाऱ्याकडे करून. समोरून वाऱ्याला फक्त केबिन आणि डब्याचं कपाळ मिळतं, तीस चौरस मीटरच्या जागी आठ-नऊ. हँडब्रेक, पहिला गिअर, चाकांना लाकडी ठोकळे. झाडाखाली नाही, होर्डिंगच्या उंचीएवढ्या अंतरात नाही, पत्र्याच्या शेडला चिकटून नाही, विजेच्या तारांखाली नाही. भरलेल्या गाड्यांच्या आडोशाला जागा मिळाली तर उत्तम, पण ती गाडी रात्री हलणार का ते विचारून घ्यायचं.

सहावा दिवस : नागरकोविल

साडेतीनला मीटरवर मोठा झोत ३४. निघालो. नांगुनेरी, वल्लियूर, मग पणगुडी. इथे सहा-सात किलोमीटर वारं सरळ उजव्या अंगावर होतं. ४० चा वेग, मधे काही धक्के, पण चाक रेघेच्या आतच. कावलकिनारूला महामार्ग सोडून अरलवायमोळीच्या दिशेला वळल्यावर वारं समोर आलं. पवनचक्क्या सगळ्यात दाट इथे, मुप्पंदलला, पण गाडीच्या दृष्टीने हा टप्पा मागच्यापेक्षा सोपा. समोरचं वारं डिझेल खातं, गाडी पाडत नाही. पवनचक्क्या पाहून घाबरणारे आणि त्याआधीच्या साध्या सरळ रस्त्यावर निवांत असणारे, दोघांचीही दिशेकडे नजर नसते.

नागरकोविलला काथ्याच्या गाठी भरल्या. डबा छतापर्यंत गच्च आणि वजन पावणेसात टन.

भरताना मागची दारं हा जपायचा भाग. एक पान नऊ फूट बाय चार फूट. ताशी पन्नासच्या झोताला त्यावर चाळीस-पन्नास किलोचा रेटा येतो, तोही अचानक. खटका काढताना माणूस पानाच्या समोर नको, बिजागरीच्या बाजूला हवा. एका वेळी एकच पान उघडायचं, ते पूर्ण फिरवून बाजूच्या आकड्यात अडकवायचं आणि आकडा बसल्याचा आवाज आल्याशिवाय दुसऱ्याला हात लावायचा नाही. चौकटीवर बोटं ठेवून आत डोकावायचं नाही. हमालांची बोटं जातात ती इथेच.

सातवा आणि आठवा दिवस : नागरकोविल ते चित्रदुर्ग

पुन्हा पहाटेच पट्टा ओलांडला, या वेळी वारं खिंडीत पाठीमागून आणि महामार्गावर डावीकडून.

गाडी भरलेली आहे म्हणून पंचावन्नची मर्यादा विसरायची नाही. कास्टिंगच्या वेळी मालाचं वजन फळीपासून फूट-सव्वा फुटावर होतं, आता साडेचार फुटांवर. आडव्या वाऱ्यात सरळ रस्त्यावर ही गाडी रिकामीपेक्षा स्थिर वाटते, आणि वळणावर मात्र जास्त झुकते. उड्डाणपुलावर चढणारं वळण, वरून वारं, वेग ५०, असं एकत्र आलं की त्रास. सेवा रस्त्याने गेलं तर पाच-दहा मिनिटं जातात एवढंच. मदुराई ते दिंडिगल या टप्प्यात दोन पूल असेच टाळले.

नववा दिवस : चित्रदुर्ग ते कोल्हापूर

पहाटे चारला निघून नऊच्या सुमाराला हुबळी, दुपारी एकला बेळगाव. आकाश निरभ्र, उकाडा जबरदस्त, वारं पूर्ण पडलेलं. वळवाच्या दिवसांत पडलेलं वारं ही खूणच आहे. मोबाइलवर हवामान खात्याचा तीन तासांचा तात्काळ इशारा आला, बेळगाव आणि कोल्हापूर जिल्ह्यांत काही ठिकाणी वादळी वारं. तासाभरात ईशान्येला कोबीच्या गड्ड्यासारखे ढग चढले आणि त्यांचा बूड काळा झाला.

वळवाचं वारं मोसमी वाऱ्यासारखं एका दिशेचं नसतं. ढगातला पाऊस आजूबाजूची हवा गार करतो, ती जड हवा खाली कोसळते आणि जमिनीवर आपटून चहूकडे पसरते. ढग जिकडे, वारं तिकडून. पश्चिमेच्या वाऱ्याची सवय झालेल्या हातांना ते उलट्या अंगाने लागतं. आणि ते पावसाच्या आधी येतं, कधी ढग दहा-पंधरा किलोमीटर लांब असतानाच. म्हणून “पाऊस सुरू झाला की थांबू” हे धोरण इथे चालत नाही. आधी एक गार झुळूक, मातीचा वास, मग रानातून उठलेली धुळीची भिंत. झुळकीपासून भिंतीपर्यंत पाच-दहा मिनिटं मिळतात. तेवढ्यात जागा गाठता आली पाहिजे.

यमकनमर्डीच्या पुढे गार झुळूक लागली. कागदावर पुढची जागा संकेश्वर. पुढे तवंदी, तिथे थांबायला जागा नाही. तीन वाजून दहा मिनिटांनी संकेश्वरला महामार्गावरून उतरून मोकळ्या तळावर गाडी ईशान्येला तोंड करून लावली. अकरा मिनिटांनी धूळ आली. गाडीत बसून राहिलं तर डबा पाट्यांवर डावी-उजवीकडे झुलताना जाणवत होता, समोरच्या टपरीचा पत्रा वर-खाली आपटत होता आणि मग आडवा पाऊस. वीस मिनिटांत जोर गेला.

रस्त्यातच गाठलं असतं तर? अॅक्सिलरेटर अलगद सोडायचा, जोरात ब्रेक नाही. तिसऱ्या गिअरवर आणून वीस-पंचवीसच्या वेगाने पट्टी धरून ठेवायची, चारही इंडिकेटर चालू. स्टेअरिंग थोडंथोडं, झोत सरला की लगेच सैल. पुलावर किंवा उंच भरावावर उभं राहायचं नाही, सरपटत का होईना खाली उतरायचं. धुळीत काही दिसेनासं झालं तर रस्त्यावर उभं राहणं सगळ्यात वाईट, कारण मागच्यालाही दिसत नसतं. पूर्ण डावीकडे, शक्य तर डांबराच्या बाहेर.

जोर गेला तरी लगेच निघालो नाही. वळवाच्या मागोमाग दुसरा ढग येऊ शकतो, आणि रस्त्यावर मोडलेल्या फांद्या, पत्रे, तुटलेल्या तारा असतात. आणखी वीस मिनिटं थांबून, समोरून येणाऱ्या दोन गाड्यांना विचारून चारला हललो. तवंदीत आंब्याची एक मोठी फांदी डावी पट्टी अडवून पडली होती. निपाणीच्या पुढे रस्ता कोरडा. वळवाचं असंच, दहा किलोमीटरवर थेंब नाही. एकूण उभं राहणं पन्नास मिनिटं.

कागल, गोकुळ शिरगाव, तावडे हॉटेलचा चौक, पंचगंगा पूल. पुलावर वारं डावीकडून, मंद. संध्याकाळी सहाला शिरोलीत गोदामाला गाडी लागली. हमाल दारांकडे धावले, त्यांना आधी बाजूला केलं. उजवं पान फिरवलं, आकडा बसल्याचा आवाज ऐकला, मग डावं उघडलं. छताला टेकलेल्या गाठी जागच्या जागी होत्या.